विनाशिकेवरची माणसे

(गोरेगाव येथे प्रौढांच्या रात्रीच्या वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही तुम्हाला एका लढाऊ जहाजाची माहिती सांगणार आहोत. या जातीच्या जहाजाला मराठीत 'विनाशिका' म्हणतात. बोलताना सगळे 'डेस्ट्रॉयर'च म्हणतात. दोन्ही शब्द लक्षात ठेवा. वर्तमानपत्रात दोन्ही येतात.

तुम्ही म्हणाल, आम्ही गोरेगावची माणसं. सकाळी लोकल पकडायची, रात्री घरी यायचं. लढाऊ जहाजाशी आमचा काय संबंध?

संबंध आहे. मुंबई हे जसे गिरण्यांचे गाव होते, तसे ते आरमाराचेही गाव आहे. चर्चगेटला उतरून चालत गेलात, तर फोर्टात लायन गेट लागते. त्याच्या आत नौदलाची गोदी आहे. तिथल्या जहाजांवर आपल्या रत्नागिरीची, रायगडची, सिंधुदुर्गाची मुले पिढ्यान् पिढ्या चाकरीला गेली आहेत. तुमच्यापैकी कोणाचा मामा, कोणाचा आजा त्यांत असेलही.

दुसरे कारण अधिक मोठे आहे. पावणेदोनशे माणसे एका लोखंडी पेटीत बसून समुद्रावर जातात. त्यांतला एक जरी चुकला, तरी सगळ्यांच्या जिवावर बेतते. मग अशा ठिकाणी सर्वांत खालच्या माणसाला कसे वागवले जाते? आजच्या गोष्टीत हा प्रश्न शेवटपर्यंत आपल्याबरोबर राहणार आहे.

विनाशिका हे नाव कसे पडले

सुमारे १८६६ साली रॉबर्ट व्हाइटहेड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने एक नवे हत्यार तयार केले. त्याचे नाव टॉर्पेडो. मराठीत त्याला पाणतीर म्हणतात. हा माशासारखा लांबट नळा असतो. त्याच्या पोटात यंत्र असते आणि तोंडाशी स्फोटक दारू असते. तो पाण्याखालून आपल्या बळाने धावत जातो आणि शत्रूच्या जहाजावर आदळून फुटतो.

तोवर मोठ्या जहाजाला भीती असे ती दुसऱ्या मोठ्या जहाजाची. आता एखादी लहानशी आगबोटही पाणतीर सोडून कोट्यवधी रुपयांचे जहाज बुडवू लागली. मग मोठ्या जहाजांना राखण करणारा कोणी तरी हवा झाला. तो वेगाने पळणारा हवा, आणि त्या लहान बोटींना गाठून मारणारा हवा. १८९० नंतर इंग्रजांनी अशी जहाजे बांधली. त्यांना 'टॉर्पेडो बोटींची विनाशिका' असे लांबलचक नाव दिले. पुढे नावातला पहिला भाग गळून गेला आणि नुसती 'विनाशिका' राहिली.

पहिल्या महायुद्धात पाणबुड्या आल्या. त्यांना शोधून मारण्याचे कामही विनाशिकेकडेच आले. शिवाय तिच्यावर स्वतःचे पाणतीरही बसवले होते. म्हणजे कामे तीन झाली. मोठ्या जहाजांची राखण करायची, पाणबुडी शोधायची आणि वेळ आली तर स्वतः पाणतीर मारायचा. १९१८ ते १९३९ या दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या जहाजांचा साचा ठरून गेला.

आपल्या तीन विनाशिका

त्या मधल्या काळात हिंदुस्थानच्या आरमारात एकही विनाशिका नव्हती. तेव्हा आपल्याकडे स्लूप नावाची लहान आणि सावकाश चालणारी जहाजे होती. 'हिंदुस्थान' हे असे एक जहाज. ते १९३० साली इंग्लंडात पाण्यात सोडले गेले. दुसरे 'इंडस'. ते १९३४ साली पाण्यात आले.

विनाशिका आपल्याला मिळाल्या त्या स्वातंत्र्यानंतर. १९४९ साली भारताने ब्रिटनकडून तीन विनाशिका घेतल्या. 'रॉदरहॅम'चे नाव झाले 'राजपूत', 'रिडाउट'चे झाले 'रणजित' आणि 'रेडर'चे झाले 'राणा'. ही जहाजे १९४२ साली पाण्यात सोडलेली होती. पण सांगाडा, तोफा, बॉयलर आणि राहण्याची पद्धत, सारे काही १९३० नंतरच्या दहा वर्षांत ठरलेल्या साच्याचे होते. म्हणून त्या काळच्या विनाशिकेवर जगणे कसे होते, हे या तिघींवरून आपल्याला नीट समजते.

जहाज केवढे होते? लांबी सुमारे १०९ मीटर, म्हणजे लोकलचे पाच डबे एकापुढे एक उभे केले तर होते तेवढी. रुंदी सुमारे ११ मीटर, म्हणजे तीन डबे शेजारी शेजारी. एवढ्या जागेत यंत्रे, तेल, पाणी, तोफा, दारूगोळा, स्वयंपाकघर आणि पावणेदोनशे माणसे. तांड्याचा प्रमुख ज्या जहाजावर असे, त्यावर तर याहूनही जास्त.

वेग ३६ नॉट. जमिनीच्या भाषेत सांगायचे तर तासाला सुमारे ६७ किलोमीटर. जहाजासाठी हा वेग फार मोठा आहे. पण हा वेग फुकट मिळत नाही. जहाज हलके हवे म्हणून त्याला जाड चिलखत घालत नाहीत. बाहेरचा समुद्र आणि आतला माणूस यांच्यामध्ये पातळ पोलादी पत्रा असतो, तेवढाच.

बॉयलरखाना

आता जहाजाच्या पोटात उतरू. तुमच्यापैकी कोणी गिरणीत बॉयलर पाहिला असेल, तर त्याला हे लवकर समजेल.

या जहाजावर दोन मोठे बॉयलर होते. ते कोळशावर चालत नसत, तेलावर चालत. तेल तापवून पातळ करायचे आणि बारीक तोट्यांतून भट्टीत फवारायचे. त्या आगीने पाण्याची वाफ होई. ती वाफ टर्बाइनच्या हजारो पात्यांवर आदळे, आणि टर्बाइन फिरून जहाजाचे पंखे फिरवी. सगळी मिळून चाळीस हजार अश्वशक्ती.

तेल नीट जळायला भट्टीला भरपूर हवा लागते. म्हणून मोठ्या पंख्यांनी बॉयलरखान्यात हवा कोंबत असत. बाहेरच्यापेक्षा आत हवेचा दाब जास्त ठेवावा लागे. यासाठी आत जायला एकापाठोपाठ दोन दारे असत. पहिले दार उघडून मधल्या खोलीत यायचे, ते घट्ट लावायचे, आणि मगच दुसरे दार उघडायचे. दोन्ही दारे एकदम उघडली तर? आतला दाब निघून जाई, आणि भट्टीतली ज्वाळा उलटून बाहेर येई. आतली माणसे होरपळत. दारावर दोन ओळींची सूचना लिहिलेली असेल. ती वाचून पाळणाऱ्याच्या हाती चार जणांचे प्राण असत.

बॉयलरवाल्याचे डोळे सतत काचांवर आणि काट्यांवर. पाणी किती आहे, वाफेचा दाब किती आहे, तेल किती तापले आहे. धूरही पाहायचा. धूर काळा आला, तर हवा कमी पडते आहे. धूर पांढरा आला, तर हवा जास्त होते आहे. धूर नजरेला पडू नये, हे उत्तम. समुद्रावर धुराचा काळा पट्टा मैलोगणती लांबून दिसतो आणि शत्रूला आपला पत्ता सांगतो. म्हणजे खाली पोटात, जिथे सूर्य दिसत नाही तिथे, बनियनवर उभा असलेला घामाघूम माणूस साऱ्या जहाजाला लपवत असे किंवा उघडे पाडत असे.

तोफा, पाणतीर आणि कान

आता वर येऊ. 'राजपूत'वर चार मोठ्या तोफा होत्या, दोन पुढे आणि दोन मागे. तोफेच्या नळीचे तोंड सुमारे १२ सेंटीमीटर. एका गोळ्याचे वजन सुमारे २३ किलो. तो गोळा माणसे हातांनी उचलून तोफेत भरत. मिनिटाला दहा-बारा वेळा. जहाज डोलते आहे, पायाखाली पाणी वाहते आहे, आणि अर्ध्या पोत्याएवढे वजन छातीशी धरून उभे राहायचे. त्या गोळ्याचा पल्ला सुमारे १५ किलोमीटर. गोरेगावातून डागला, तर माहीमच्या पलीकडे पडेल.

या तोफांत एक उणीव होती. त्या पुरेशा उंच उचलता येत नसत. समोरच्या जहाजावर मारा करायला त्या चांगल्या, पण डोक्यावरून झेपावणाऱ्या विमानाला त्यांचा धाक नव्हता. दोन युद्धांच्या मधल्या काळात आरमारवाल्यांनी विमानाची ताकद कमी समजली. त्याची किंमत पुढे नाविकांनी दिली. मघाशी सांगितलेले आपले 'इंडस' ६ एप्रिल १९४२ रोजी ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याजवळ, अक्याबपाशी, जपानी विमानांच्या माऱ्याने बुडाले.

जहाजाच्या मधल्या भागात पाणतिरांच्या आठ नळ्या होत्या, चार-चारच्या दोन जुड्या. एक पाणतीर सात मीटर लांब आणि दीड टनाहून जड. मागच्या बाजूला पाणबुडीसाठी ठेवलेले सुरुंगी पिंप असत. दिसायला रॉकेलच्या पिंपासारखे. ते पाण्यात ढकलायचे. ठरवलेल्या खोलीवर गेले की ते फुटे. फुटण्याची खोली आधीच किल्लीने लावून ठेवायची. आकडा चुकला, तर पिंप फुकट जाई.

पण पाण्याखालची पाणबुडी दिसणार कशी? दिसत नाही, ऐकू येते. जहाजाच्या तळाशी एक यंत्र असे. ते पाण्यात टण्ण असा आवाज सोडी. समोर काही कठीण वस्तू असली, तर आवाज तिच्यावर आपटून परत येई. विहिरीत हाक मारली की ती परत येते ना, तसेच. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. हाक परत यायला दोन सेकंद लागले, तर जायला एक आणि यायला एक. म्हणजे वस्तू दीड किलोमीटरवर आहे. हिशेब सोपा आहे. पण तो आवाज पाणबुडीचा की माशांच्या थव्याचा, हे ओळखायला मुरलेला कान लागतो. तो एक नाविक कानाला यंत्र लावून बसे, आणि बाकीचे सगळे त्याच्या शब्दावर विसंबून असत.

हुकूम कसा पोहोचे

कप्तान उभा राही तो उंचावरच्या मंचावर. त्याला ब्रिज म्हणतात. या ब्रिटिश बांधणीच्या विनाशिकांवर तो मंच उघडाच असे. वर छप्पर नाही. पाऊस, वारा, लाटेचे तुषार सगळे अंगावर. कप्तानाला सगळीकडे दिसावे, म्हणून ही सोय.

तिथून खाली हुकूम जाई पितळी नळ्यांतून. नळीच्या एका तोंडाशी बोलायचे, दुसऱ्या तोंडाशी ऐकू येते. यंत्रखान्यात एक मोठी तबकडी असे. वर काटा फिरवला की खाली काटा फिरे. तबकडीवर शब्द लिहिलेले असत: पुढे, मागे, अर्धा वेग, पूर्ण वेग, थांबा. खालचा माणूस तो शब्द वाची आणि तसे यंत्र चालवी. तो वाचताना चुकला, तर पुढे जायचे जहाज मागे जाई.

दुसऱ्या जहाजाशी बोलायचे तर रंगीत झेंडे, दिव्याची उघडझाप किंवा बिनतारी यंत्र. हे काम करणाऱ्यांना चांगले लिहिता-वाचता यावे लागे. या संदेशवाल्यांना लक्षात ठेवा. पुढे त्यांनी इतिहास घडवला आहे.

झोप, पाणी आणि पहारा

आता राहण्याची जागा पाहू. नाविकांचे बिऱ्हाड पुढच्या टोकाला असे. तिथे जहाज सर्वांत जास्त वरखाली होते. एका दालनात लांब टेबले आणि बाके. तिथेच जेवायचे, तिथेच बसायचे, तिथेच झोपायचे. पलंग नाहीत. रात्री छताच्या आकड्यांना कापडी झोळ्या टांगायच्या. बाळाला झोळीत घालतो ना, तशी झोळी, फक्त माणसाएवढी. शेजारच्या झोळीला आपली झोळी टेके. सकाळी उठून झोळी गुंडाळायची, दोरीने आवळायची आणि जागेवर ठेवायची. लढाईत जहाजाला भोक पडले, तर त्यात अशा झोळ्या आणि गाद्या कोंबून पाणी अडवत.

बाहेर थंडी असली की आतल्या लोखंडावर श्वासाची वाफ जमे आणि झोपलेल्याच्या तोंडावर थेंब पडत. मुंबईच्या मे महिन्यात उलटे. लोखंड तापून चटके देई. चाळीतल्या दहा बाय बारामध्ये संसार केलेल्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको. फक्त एवढे समजा, की ही खोली रात्रंदिवस हलत असे. समुद्र खवळला की ताटे घसरत, डाळ सांडे, माणसे ओकत. तशातही पाळीवर जायचेच.

गोडे पाणी म्हणजे सोने. जहाज समुद्राचे पाणी तापवून त्याची वाफ करी आणि त्यातून गोडे पाणी काढी. पण पहिला हक्क बॉयलरचा. बॉयलरला खारे पाणी चालत नाही, नळ्या खराब होतात. म्हणजे यंत्राने आधी प्यायचे, मग माणसाने. अंघोळीला आणि कपड्यांना मोजून पाणी.

पहाऱ्याची पद्धत मोठी शहाणपणाची होती. दिवसाचे चोवीस तास चार-चार तासांच्या पाळ्यांत वाटलेले. तसे केले, तर पाळ्या सहा होतात. मग ज्याची पाळी मध्यरात्री ते पहाटे चार, त्याची रोज तीच राहील. हा अन्याय होऊ नये, म्हणून संध्याकाळी चार ते आठ ही पाळी दोन तुकड्यांत मोडली. चार ते सहा, आणि सहा ते आठ. आता पाळ्या झाल्या सात. सात हा विषम आकडा. त्यामुळे रोज पाळी पुढे सरके, आणि आडवेळेची पाळी सगळ्यांच्या वाट्याला आळीपाळीने येई. दर अर्ध्या तासाला घंटा वाजे.

लोखंडी दारांचा नियमही सांगायला हवा. जहाजाचे पोट एकसंध नसते. त्याचे कप्पे केलेले असतात. एका कप्प्यात पाणी शिरले, तरी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. धोक्याची घंटा झाली की सगळी दारे बंद. आत कोणी राहिले, तरी बंद. एकासाठी दार उघडे ठेवले, तर सगळे बुडतील. हा नियम कठोर आहे. तो नियम माणसे पाळतात, कारण आपले साथीदार आणि आपले अधिकारी आपल्याला माणूस समजतात, असा त्यांचा विश्वास असतो. हा विश्वास तुटला, तर काय होते?

१९४६ ची गोष्ट

आता थोडे मागे जाऊ. 'राजपूत' आपल्याकडे येण्याच्या तीन वर्षे आधीची गोष्ट.

इंग्रजांच्या काळी आरमारातले खलाशी मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातले, त्यांतही कोकणी मुसलमान पुष्कळ. समुद्र त्यांच्या रक्तात होता. पण अधिकारी इंग्रज. पहिले भारतीय अधिकारी, डी. एन. मुखर्जी, घेतले गेले ते १९२८ साली. १९३४ मध्ये या दलाला 'रॉयल इंडियन नेव्ही' असे नाव मिळाले. दुसऱ्या महायुद्धात भरती वाढली आणि देशभरातून शिकलेली तरुण मुले आली. काम इंग्रज नाविकाएवढेच. पगार कमी, जेवण वाईट आणि वर शिव्या.

मुंबईत कुलाब्याला 'तलवार' नावाचे ठाणे होते. नाव जहाजासारखे, पण ते जमिनीवर होते. तिथे संदेशवाल्यांना शिकवत. मघाशी म्हटले ना, हे लिहिता-वाचता येणारे नाविक. त्यांतले बलाईचंद दत्त यांनी भिंतींवर 'जय हिंद' आणि 'भारत छोडो' अशी वाक्ये लिहिली. त्यांना अटक झाली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार'वरच्या नाविकांनी निकृष्ट अन्न नाकारले आणि काम बंद केले.

पुढे काय झाले? संदेशवाल्यांच्या हाती बिनतारी यंत्रे होती. बातमी जहाजाजहाजांवर गेली, कराचीला गेली. दोन दिवसांत सुमारे ७८ जहाजे आणि वीस हजार नाविक संपात आले. जहाजांवरचा ब्रिटिश झेंडा उतरला आणि काँग्रेस, मुस्लिम लीग व कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे एकत्र चढले. संपसमितीचे अध्यक्ष झाले एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. एक मुसलमान, एक शीख, आणि दोघेही संदेशवाले.

इंग्रजांनी नाविकांचे अन्न तोडले. तेव्हा मुंबईची माणसे फळे, पाव, भाकऱ्या घेऊन गेटवे ऑफ इंडियावर गेली. २२ फेब्रुवारीला कामगारांनी शहर बंद केले. लष्कराने आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मुंबईत दोनशेहून अधिक माणसे मेली. परळमध्ये कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. त्याच दिवशी कराचीत, मघाशी ज्याचे नाव घेतले त्या 'हिंदुस्थान' जहाजावर इंग्रजांनी तोफा डागल्या आणि त्यावरचे नाविक मेले. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ फेब्रुवारीला नाविकांनी शरणागती पत्करली. शेकडो जणांना नोकरीवरून काढले. स्वातंत्र्य आले, तरी त्यांना नौदलात परत घेतले नाही. स्वातंत्र्यसैनिक म्हणून त्यांना मान मिळाला, तोही पुष्कळ वर्षांनी.

हे सांगताना शिस्तीचे महत्त्व कमी करायचा आमचा हेतू नाही. शिस्तीशिवाय जहाज एक मैलही जाणार नाही. पण डाळीत खडे आणि तोंडात शिव्या, अशा पायावर शिस्त उभी राहत नाही. तबकडीवरचा शब्द वाचणाऱ्या माणसाला भिंतीवरचा शब्दही वाचता येतो, हे राज्यकर्त्यांच्या लक्षात आले नाही.

म्हातारी 'राजपूत'

१९४९ साली आपल्या तिन्ही विनाशिकांवर भारताचा झेंडा चढला. लोखंड तेच होते. झोळ्या, पितळी नळ्या, दोन दारांचा बॉयलरखाना, सगळे तेच. पण जहाज आपले होते. १९५८ साली रामदास कटारी हे नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

जहाज बांधणाऱ्यांनी या जातीत एक छोटी सुधारणा केली होती. जुन्या विनाशिकांवर अधिकाऱ्यांच्या खोल्या पार मागच्या टोकाला असत. वादळात उघड्या डेकवरून पुढे येणे जिवावरचे होई. पाळी बदलायची वेळ झाली, तरी नवा अधिकारी पोहोचायचा नाही. या जहाजांत खोल्या मध्यभागी आणल्या. समुद्राने शिकवले, ते माणसाने ऐकले.

१९७१ पर्यंत 'राजपूत' म्हातारी झाली होती. तिला निवृत्त करायचे घाटत होते. तेवढ्यात पाकिस्तानशी युद्ध आले. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी आपले विमानवाहू जहाज 'विक्रांत' शोधत बंगालच्या उपसागरात आली होती. 'विक्रांत' दूर अंदमानकडे सुरक्षित होती. 'राजपूत'ला विशाखापट्टणमला ठेवले, आणि 'विक्रांत' तिथेच आहे असे भासेल, असे संदेश सोडले. ३ डिसेंबरच्या रात्री लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या हुकमतीखाली ती बंदराबाहेर निघाली. पाण्यात हालचाल जाणवताच तिने सुरुंगी पिंपे टाकली. मध्यरात्रीनंतर मोठा स्फोट झाला. 'गाझी' तळाला गेली. तिच्यावरचा एकही माणूस वाचला नाही.

'गाझी' 'राजपूत'च्या पिंपांनी बुडाली, असे आपले नौदल म्हणते. तिच्याच सुरुंगांचा स्फोट झाला, असे पाकिस्तानचे म्हणणे. हा वाद आपण इथे सोडवू शकत नाही. पण त्या पाणबुडीतही नव्वदहून अधिक घरांची मुले होती, हे आपण विसरू नये. मोडीत निघायला आलेल्या जहाजावरही प्रत्येक जण आपल्या जागेवर जागा होता, हेही विसरू नये. १९७६ साली 'राजपूत' सेवेतून गेली आणि भंगारात निघाली.

आज काय

आज भारताच्या विनाशिका आपल्याच मुंबईत, माझगाव गोदीत बांधल्या जातात. 'विशाखापट्टणम' ही २०२१ साली नौदलात आली. ती १६३ मीटर लांब आहे. 'राजपूत'च्या दीडपट. तिच्यानंतर 'मोरमुगाव', 'इंफाळ' आणि 'सूरत' आल्या. मोठ्या तोफांच्या जागी आता क्षेपणास्त्रे आली. झोळ्या जाऊन पलंग आले. बॉयलरच्या जागी गॅसवर फिरणारी टर्बाइन आली. भगिनींनो, आता नौदलात आणि लढाऊ जहाजांवर स्त्रियाही आहेत.

४ डिसेंबर हा नौदल दिन. त्या सुमारास काही जहाजे लोकांना पाहायला खुली करतात. वर्तमानपत्रात सूचना येते. ती स्वतः वाचा, तारीख आणि फाटकाचे नाव वहीत उतरून घ्या, आणि मुलांना घेऊन जा. आत गेल्यावर नुसत्या तोफा पाहू नका. दारांवरच्या सूचना वाचा. स्वयंपाकघर पाहा. यंत्रावर उभ्या असलेल्या मुलाला त्याचे गाव विचारा. कुलाब्याला १९४६ च्या नाविकांचे स्मारक आहे, तेही पाहून या.

आम्ही सुरुवातीला एक प्रश्न ठेवला होता. सर्वांत खालच्या माणसाला कसे वागवायचे? विनाशिकेवर याचे उत्तर भावनेचे नाही, हिशेबाचे आहे. पाण्याचा काटा वाचणारा, कान लावून बसणारा, दार लावणारा, डाळ शिजवणारा, यांतला कोणताही एक जण वजा करून जहाज चालत नाही. मग त्याला पोटभर स्वच्छ अन्न, सरळ शब्द आणि अक्षराची ओळख, एवढे तरी मिळालेच पाहिजे. तुमच्या कारखान्यात, तुमच्या सोसायटीत, तुमच्या घरातही असा कोणी असेल. उद्या त्याच्याकडे एकदा नीट पाहा.

 जय हिंद.